एकच आजार, अनेक कोड : कोविडच्या काळात स्नोमेड सीटीचा कारभार

युरोपीय संघाचे डिजिटल कोविड प्रमाणपत्र १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यावरचा क्यूआर कोड उलगडून पाहिला तर आजाराच्या खान्यात कोणत्याच भाषेतले नाव सापडत नसे. तिथे फक्त नऊ अंक असत : ८४०५३९००६. लिस्बनमधल्या दवाखान्याने लिहिलेले हेल्सिंकीच्या विमानतळावरच्या यंत्राला कळायचे ते या अंकांमुळे. (अंक इथे देवनागरीत छापले आहेत, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी अंक असतात.)

हा कोड स्नोमेड सीटी या वैद्यकीय परिभाषेतला आहे. तिच्यात आजार, जंतू, निष्कर्ष अशा प्रत्येक गोष्टीची, म्हणजे ‘संकल्पने’ची, स्वतःच्या कोडने नोंद असते. पण २०२० मध्ये याच आजारासाठी जगात हा एकच कोड वापरात नव्हता. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संगणकात याच आजाराचा दुसरा, सोळा अंकी कोड होता. रुग्णालयांची आकडेवारी तिसऱ्याच पद्धतीने, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात जात होती, आणि तिथेही सगळे देश एकसारखे वागले नाहीत. असे का झाले, त्यातले काय चुकीचे होते आणि काय अजिबात चुकीचे नव्हते, ते या प्रकरणात पाहायचे आहे. एका आजाराला दोन कोड दिसले की ‘गोंधळ’ म्हणून मोकळे होण्याची सवय असते. पण घाईतून जन्मलेली जोडी वेगळी आणि खऱ्या अर्थभेदातून जन्मलेली जोडी वेगळी. परिभाषेच्या आंतरराष्ट्रीय कारभाराचा मोठा भाग ही दोन प्रकारची जोडी ओळखण्यातच जातो.

मालकी कोणाची

स्नोमेडचे मूळ अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या महाविद्यालयाने, म्हणजे कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सने, १९६५ मध्ये काढलेल्या शब्दसूचीत आहे. दुसरा प्रवाह ब्रिटनचा. लफबरोमधले डॉक्टर जेम्स रीड यांनी १९८० च्या दशकात आपल्या कामासाठी तयार केलेले ‘रीड कोड’ पुढे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने स्वीकारले. दोन्ही प्रवाह एकत्र करायचा करार १९९९ मध्ये झाला आणि २००२ मध्ये स्नोमेड सीटी बाहेर पडली. तरीही मालकी अमेरिकेतल्या एका संस्थेकडेच राहिली. आपल्या सगळ्या नागरिकांच्या नोंदी परदेशातल्या एका खासगी संस्थेच्या शब्दांवर उभ्या करायला सरकारे बिचकतात, आणि ते साहजिक आहे. म्हणून २००७ मध्ये नऊ देशांनी मिळून डेन्मार्कच्या कायद्याखाली एक ना-नफा संस्था काढली आणि स्नोमेडचे हक्क तिच्याकडे घेतले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क, लिथुआनिया, नेदरलँड्स, न्यूझीलंड, स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका हे ते नऊ. आज ही संस्था ‘स्नोमेड इंटरनॅशनल’ या नावाने लंडनहून चालते आणि सदस्य देशांची संख्या चाळिसाच्या पुढे गेली आहे. भारत २०१४ मध्ये सदस्य झाला.

वर्गणी देशाच्या सकल राष्ट्रीय उत्पन्नावरून ठरते, पण सर्वसाधारण सभेत लिथुआनियाचाही एक प्रतिनिधी आणि अमेरिकेचाही एकच. प्रत्येक सदस्य देशात एक राष्ट्रीय वितरण केंद्र असते, ज्याला सगळे ‘नॅशनल रिलीज सेंटर’ म्हणतात. त्या देशातल्या कोणाला नवी संकल्पना हवी असेल तर अर्ज या केंद्रातून वर जातो. केंद्राला पटले तर ते ती संकल्पना आपल्या राष्ट्रीय पुरवणीत, म्हणजे ‘एक्स्टेंशन’मध्ये, स्वतःही घालू शकते. पुरवणीचा हा दरवाजा मुद्दाम उघडा ठेवलेला आहे, आणि हे सगळे प्रकरण त्याच दरवाजातून घडले.

वेळापत्रकाची अडचण

२०२० मध्ये आंतरराष्ट्रीय आवृत्ती वर्षातून दोनदा निघायची, ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला. अमेरिकेची आवृत्ती त्यावर आपली पुरवणी चढवून मार्च आणि सप्टेंबरमध्ये, तर ब्रिटनची एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. म्हणजे फेब्रुवारीत सुचलेली संकल्पना नेहमीच्या वाटेने गेली तर जुलैच्या अंकात यायची, ब्रिटनच्या आवृत्तीत ऑक्टोबरला पोचायची, आणि पुढे सॉफ्टवेअर पुरवठादार ती आपल्या पडद्यावर आणेपर्यंत आणखी काही आठवडे जायचे. संधिवाताच्या एखाद्या दुर्मीळ उपप्रकाराला हे परवडते. साथीला परवडत नाही.

त्यात नावाचाही घोळ होता. जानेवारी २०२० मध्ये विषाणूला ‘२०१९ नॉव्हेल कोरोनाव्हायरस’ असे कामचलाऊ नाव होते. ११ फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आजाराचे नाव ‘कोविड-१९’ जाहीर केले. त्याच दिवशी विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने विषाणूचे नाव ‘सार्स-कोव्ह-२’ ठरवले. एका दिवशी दोन संस्थांनी दोन नावे दिली, आणि दोन्ही बरोबर होती, कारण एक आजाराचे आहे आणि दुसरे जंतूचे.

परिभाषेत हा फरक कसोशीने पाळावा लागतो. स्नोमेडमध्ये विषाणू ही एक संकल्पना (८४०५३३००७), त्याच्यामुळे होणारा आजार ही दुसरी (८४०५३९००६), आजाराचा संशय ही तिसरी (८४०५४४००४) आणि विषाणूशी संपर्क आल्याची नोंद ही चौथी (८४०५४६००२). आजाराची व्याख्या संगणकाला कळेल अशा रीतीने लिहिलेली असते : कोरोनाव्हायरसमुळे होणाऱ्या संसर्गांपैकी एक, कारक जंतू अमुक, प्रक्रिया संसर्गाची. संशयाची संकल्पना मात्र आजारांच्या शाखेत बसत नाही. तिची शाखा ‘परिस्थिती’ची, आणि तिच्या व्याख्येत आजाराकडे बोट दाखवून ‘संशयित’ असा संदर्भ जोडलेला असतो. हे व्याकरण किचकट वाटते खरे, पण त्याने एक मोठी चूक टळते. ‘कोविड आणि त्याचे सगळे उपप्रकार दाखव’ असे विचारले तर संशयित रुग्ण उत्तरात मिसळत नाहीत. संशयितही हवे असतील तर ते वेगळे मागावे लागतात. ज्यांना हे माहीत नव्हते त्यांच्या यादीतून संशयित रुग्ण गळाले, आणि दोष मात्र ‘स्नोमेड अपुरी आहे’ असा परिभाषेवर गेला.

वेळापत्रक मोडून ९ मार्च २०२० रोजी आंतरराष्ट्रीय संस्थेने अंतरिम आवृत्ती काढली. तिच्यात कोविडच्या संकल्पना नव्या अधिकृत नावांनिशी आल्या.

नाव बदलते, अंक बदलत नाही

इथला नियम साधा आणि कडक आहे. अर्थ तोच राहून नुसते नाव बदलले, तर जुने नाव मागे घेऊन नवे घालायचे आणि संकल्पनेचा अंक तसाच ठेवायचा. अर्थच बदलला तर जुनी संकल्पना निष्क्रिय करायची, नव्या अंकाची दुसरी आणायची, आणि ‘हिच्या जागी ती’ किंवा ‘ही बहुधा तीच’ असा ऐतिहासिक दुवा जोडायचा. एकदा दिलेला अंक कधीच पुसला जात नाही आणि दुसऱ्या कशाला दिलाही जात नाही. ‘नॉव्हेल कोरोनाव्हायरस २०१९’मुळे होणारा आजार आणि कोविड-१९ यांचा अर्थ एकच, म्हणून ८४०५३९००६ टिकला. सुरुवातीच्या आठवड्यांत केलेली नोंदही आजच्या शोधात सापडते ती यामुळेच.

संपूर्ण नावाचा एक नियम मात्र डॉक्टरांना जाचक वाटला. संपूर्ण निर्दिष्ट नावात संक्षेप चालत नाही. म्हणून अधिकृत नाव ‘सिव्हिअर अॅक्यूट रेस्पिरेटरी सिंड्रोम कोरोनाव्हायरस २ मुळे होणारा आजार’ असे लांबलचक झाले. शोधखिडकीत ‘सिव्हिअर अॅक्यूट रेस्पिरेटरी’ टाइप केले की २००३ चा सार्सही त्याच यादीत वर येतो. ओपीडीत रांग लागलेली असताना दोन्ही नावे एकासारखी एक दिसतात आणि चुकीच्या ओळीवर बोट पडायला वेळ लागत नाही. उपाय आहे, आणि तो पुरवठादाराने करायचा असतो : पडद्यावर पसंतीचा शब्द, म्हणजे ‘कोविड-१९’, दाखवायचा, संपूर्ण नाव मागे ठेवायचे, आणि जवळजवळ हद्दपार झालेले आजार यादीत खाली ढकलायचे. अनेक पुरवठादार इथे कमी पडतात. संपूर्ण नाव लिहिणाऱ्यापुढे दुहेरी अर्थ टाळायचा हेतू असतो. दवाखान्यात वाचायचे नाव म्हणून ते लिहिलेलेच नसते.

ब्रिटनची घाई, आणि ती का योग्य होती

इंग्लंडमध्ये घराजवळच्या डॉक्टरांचे दवाखाने २०१८ पासून स्नोमेड सीटीवर आले होते. २०२० च्या सुरुवातीला संशयित रुग्ण शोधायचे, त्यांना फोन करायचा, जोखमीच्या रुग्णांची यादी काढायची, ही सगळी कामे कोडवरून व्हायची होती. त्यामुळे ब्रिटनच्या राष्ट्रीय केंद्राने आंतरराष्ट्रीय आवृत्तीची वाट न पाहता आपल्या पुरवणीत कोड काढले. आजारासाठी १२४०७५१००००००१००, विषाणू आढळल्याच्या निष्कर्षासाठी १२४०५८१००००००१०४, असे बरेच.

या अंकांची घडण पाहण्यासारखी आहे. उजवीकडून पाहिले तर शेवटचा एक अंक पडताळणीचा. त्याआधीचे दोन अंक प्रकार सांगतात : ‘००’ म्हणजे आंतरराष्ट्रीय गाभ्यातली संकल्पना, ‘१०’ म्हणजे कोणाच्या तरी पुरवणीतली. पुरवणीतली असेल तर त्याआधीचे सात अंक कोणाची ते सांगतात. ‘१००००००’ म्हणजे ब्रिटन. उरलेला भाग अनुक्रमांक. ८४०५३९००६ मध्ये मालकाचे सात अंक नाहीतच, कारण प्रकार ‘००’ आहे.

ब्रिटनने केले ते नियमाबाहेर नव्हते. पुरवणी याचसाठी असते. खटकण्याजोगी गोष्ट पुढची. आंतरराष्ट्रीय कोड आल्यावरही ब्रिटिश नोंदींमध्ये राष्ट्रीय कोड रुजलेले राहिले, कारण साचे, सूचना, आकडेवारीचे अहवाल, दवाखान्याचे पैसे सगळे त्यांच्यावर बांधले गेले होते. कोड बदलणे म्हणजे परिभाषेच्या फाइलीतली एक ओळ बदलणे नव्हे. त्यावर उभा राहिलेला प्रत्येक अहवाल पुन्हा तपासावा लागतो. म्हणून आजही इंग्लंडमधल्या २०२० च्या नोंदींतून कोविडचे रुग्ण काढायचे तर दोन्ही कुळांचे कोड घ्यावेच लागतात. एकच घेतले तर उत्तर चुकते, आणि चूक दिसतही नाही, कारण शोध शून्य नव्हे, थोडे कमी रुग्ण दाखवतो.

हा पहिला प्रकार, घाईतून आलेली जोडी. अर्थ एक, कोड दोन. तिच्यावर उतारा म्हणजे ऐतिहासिक दुवा, आणि जुन्या नोंदी शोधताना त्या दुव्यावरून मागे जाण्याची शिस्त.

पुरवणीतून गाभ्यात

अमेरिकेने दुसरी वाट घेतली. कोविडमुळे होणारा न्यूमोनिया, तीव्र ब्राँकायटिस, श्वसनसंस्थेचा तीव्र त्रास अशा नेमक्या संकल्पना तिथे लागत होत्या आणि त्या अमेरिकी नामक्षेत्रात, म्हणजे मालकाचे सात अंक अमेरिकेचे असलेल्या कोडांत, जन्मल्या. न्यूमोनियाचा कोड आहे ८८२७८४६९१०००११९१००. उजवीकडून सोडवला तर पडताळणी ‘०’, प्रकार ‘१०’, मालक ‘१०००११९’, म्हणजे अमेरिका. पण ही संकल्पना पुढे आंतरराष्ट्रीय आवृत्तीत आली आणि येताना तिने अंक बदलला नाही.

हा तपशील फसवा आहे. अंकातला मालकाचा भाग जन्मस्थान सांगतो, सध्याचा पत्ता नाही. सध्याचा मालक कोण हे परिभाषेच्या फाइलीतल्या ‘मॉड्यूल’च्या स्तंभात असते, आणि पाहायचे तिथेच. अंकावरून ‘हा अमेरिकेचा स्थानिक कोड दिसतो, वगळू या’ असा नियम कोणी सॉफ्टवेअरमध्ये घातला तर न्यूमोनियाचे रुग्ण गळतात. तो तर कोविडच्या रुग्णांमधला सर्वांत महत्त्वाचा गट.

लांब अंकांचा आणखी एक जाच आहे, आणि तो अगदी कारकुनी आहे. कोडची यादी एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल त्यांना संख्या समजते आणि पंधरा अंकांपुढचे सगळे शून्य करून टाकते. ८८२७८४६९१०००११९१०० चे होते ८८२७८४६९१०००११९०००. ब्रिटनच्या १२४०५८१००००००१०४ चे होते १२४०५८१००००००१००. शेवटचा पडताळणीचा अंक वेरहोफ पद्धतीने काढलेला असतो आणि ही पद्धत एका अंकाची कोणतीही चूक पकडते. म्हणजे आयात करताना पडताळणी केली असती तर दोन्ही चुका तिथेच अडल्या असत्या. मौजेची गोष्ट अशी की १२४०७५१००००००१०० च्या शेवटी मुळातच शून्य असल्याने तो एक्सेलमधूनही सहीसलामत बाहेर पडतो. त्यामुळे ज्याने फक्त हाच कोड तपासून पाहिला त्याला आपली फाइल ठीक वाटते. कोडचा स्तंभ आयातीच्या वेळीच ‘मजकूर’ म्हणून ठरवायचा, दोनदा टिचकी मारून फाइल उघडायची नाही. डेटाबेसमध्येही चौसष्ट बिटांचा पूर्णांक किंवा सरळ मजकूर ठेवायचा. जावास्क्रिप्टमधल्या साध्या संख्येला सोळा अंकांच्या आसपास मर्यादा पडते, तिच्यावर विसंबायचे नाही.

दोन कोड, कारण अर्थही दोन

२०२० च्या अखेरीस दीर्घकालीन कोविडचा प्रश्न आला. डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी वेळेच्या रेषा आखल्या : चार आठवड्यांपर्यंत तीव्र कोविड, चार ते बारा आठवडे लक्षणे सुरू राहिलेला कोविड, आणि बारा आठवड्यांनंतर कोविडोत्तर सिंड्रोम. ब्रिटनच्या पुरवणीत त्यासाठी कोड निघाले : मधल्या टप्प्याला १३२५१८१००००००१०६, शेवटच्याला १३२५१६१००००००१०२. आंतरराष्ट्रीय आवृत्तीत १११९३०३००३ आणि १११९३०४००९ अशा संकल्पना आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली व्याख्या दिली : साधारणपणे आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारी लक्षणे.

या जोड्या घाईच्या नाहीत. ‘दोन महिने टिकलेली’ ही अट एका व्याख्येत आहे, दुसरीत नाही. जोडून एक केल्या तर वेगळ्या रुग्णांचे दोन गट एकात मिसळतील. इथे राष्ट्रीय केंद्राने आपला कोड राखणे योग्यच, फक्त आंतरराष्ट्रीय कोडशी तो ‘समान’ आहे असा दुवा जोडायचा मोह टाळायला हवा.

कोड निघाला म्हणजे वापरला गेला असेही नाही. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींचा २०२१ मध्ये अभ्यास झाला तेव्हा चौथ्या हिश्श्याहून जास्त दवाखान्यांनी दीर्घकालीन कोविडचा एकही कोड कधी वापरलेला नव्हता, आणि दोन मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींमध्ये वापराचे प्रमाण बरेच वेगळे होते. रुग्ण तर तसेच असणार. फरक पडला तो नोंदीत, आणि तो प्रणालींनुसार पडलेला दिसतो.

आयसीडीशी सांधा

स्नोमेड रुग्णाच्या नोंदीसाठी, आयसीडी मोजणीसाठी. पहिलीत बारकावे लागतात, दुसरीत थोड्या आणि न ओलांडणाऱ्या पेट्या. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीसाठी राखलेल्या कोडपैकी ‘यू०७.१’ हा विषाणू ओळखला गेलेल्या कोविडला आणि ‘यू०७.२’ हा विषाणू न ओळखलेल्या पण लक्षणांवरून किंवा संपर्कावरून ठरवलेल्या कोविडला दिला. संशयित आणि संभाव्य दोघेही ‘यू०७.२’च्या पेटीत जातात. भारतात मृत्यूचे कारण नोंदवण्यासाठी आयसीएमआरने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांमध्ये हे दोन्ही कोड होते. अमेरिकेने १ एप्रिल २०२० पासून ‘यू०७.१’ लागू केला, पण ‘यू०७.२’ आपल्या आवृत्तीत घेतलाच नाही. त्यामुळे दोन देशांचे ‘कोविड मृत्यू’ शेजारी ठेवताना पेटीच्या कडा वेगळ्या आहेत हे आधी सांगावे लागते.

स्नोमेडवरून आयसीडीकडे जाता येते, उलट येता येत नाही. ‘यू०७.२’ वाचून मूळ नोंद संशयाची होती की डॉक्टरच्या ठाम निदानाची, हे सांगता येत नाही. म्हणून मूळ नोंद स्नोमेडमध्ये आणि आकडेवारी आयसीडीमध्ये असा क्रम ठेवतात. पैसे विम्याचे असतात आणि विमा आयसीडी मागतो, म्हणून अनेक रुग्णालये उलट करतात : नोंदीतही थेट आयसीडी भरतात. पुढे कोणी बारकावा विचारला की उत्तर नसते.

युरोपची यादी

प्रमाणपत्राकडे परत जाऊ. तिथे आजारासाठी ८४०५३९००६, चाचणीच्या निकालासाठी ‘आढळला’ २६०३७३००१ आणि ‘आढळला नाही’ २६०४१५०००. प्रयोगशाळांच्या अहवालांत ‘पॉझिटिव्ह’चा वेगळा कोड (१०८२८००४) सर्रास येतो, प्रमाणपत्राने तो घेतलाच नाही. यादी जाणूनबुजून लहान ठेवली आणि म्हणून ती चालली. लशींच्या यादीत मात्र दोन परिभाषा एकत्र आल्या : एमआरएनए लशीला स्नोमेडचा १११९३४९००७, प्रतिजन लशीला १११९३०५००५, आणि सर्वसाधारण कोविड लशीसाठी औषधांच्या एटीसी वर्गीकरणातला जे०७बीएक्स०३. अॅस्ट्राझेनेकाची लस या तिसऱ्या कोडखाली जाई. उत्पादनाच्या खान्यात युरोपीय परवान्यांचे क्रमांक होते, पण परवाना नसलेल्या काही लशींची नुसती नावे कोड म्हणून ठेवली होती. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड त्यांत होती. तीच लस युरोपात बनली तर परवान्याचा क्रमांक, पुण्यात बनली तर नाव. औषधशास्त्राने एक, कागदाने दोन.

संघातले सगळे देश तेव्हा स्नोमेडचे सदस्य नव्हते. कोविडचे कोड ‘ग्लोबल पेशंट सेट’ या विनाशुल्क संचात ठेवलेले असल्याने सदस्यत्वाचा प्रश्न सीमेवर आडवा आला नाही. परवान्याची बाजू तांत्रिक बाजूइतकीच आधी सोडवावी लागते; ती राहिली की तयार प्रणाली वकिलांच्या टेबलावर पडून राहते.

यादी बांधायची तर

रुग्ण शोधण्यासाठी कोडची यादी करणाऱ्याने आधी प्रश्न लेखी घ्यावा : चाचणीने सिद्ध झालेले, डॉक्टरने निदान केलेले, संशयित, की संपर्कातले? चारांचे उत्तर एका यादीत बसत नाही. मग ८४०५३९००६ आणि त्याची सगळी अपत्ये, म्हणजे उपप्रकार, काढायची. त्यात निष्क्रिय संकल्पना येत नाहीत, म्हणून ऐतिहासिक दुव्यांच्या संचातून मागे जाऊन त्या जोडायच्या. राष्ट्रीय पुरवणीतले कोड वेगळे शोधायचे. ‘परिस्थिती’च्या शाखेतला संशय आणि संपर्काच्या नोंदी स्वतंत्र यादीत ठेवायच्या. चाचणीवरून शोधत असाल तर निकालाच्या कोडसोबत चाचणीचा लॉइंक (प्रयोगशाळेतल्या चाचण्यांची कोडसूची) कोडही हवा, उदाहरणार्थ श्वसनमार्गाच्या नमुन्यातल्या विषाणू आरएनएच्या चाचणीचा ९४५००-६; नुसते ‘आढळला’ म्हणजे काय आढळला ते कळत नाही. यादीवर परिभाषेच्या आवृत्तीची तारीख लिहायची. शेवटी दोन डॉक्टरांनी एकमेकांचे न पाहता यादी वाचायची आणि जिथे मत फुटेल तिथले कारण लिहून ठेवायचे. ही शेवटची पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, आणि नेमकी तीच गाळली जाते.

महिन्याला एक आवृत्ती

सहा महिन्यांच्या चक्राने केलेली कोंडी लक्षात घेऊन २०२२ पासून आंतरराष्ट्रीय आवृत्ती दर महिन्याला निघू लागली. आता नवी संकल्पना काही आठवड्यांत पोचते. पण लहान देशांच्या केंद्रांना दर महिन्याला भाषांतर, मॅप (आयसीडीसारख्या दुसऱ्या कोडांशी जोडणी) आणि पुरवणी जुळवणे झेपत नाही, त्यामुळे ते तीन-चार आवृत्त्या एकदम घेतात. परिणाम असा की पाठवणाऱ्याकडे मेची आवृत्ती आणि घेणाऱ्याकडे जानेवारीची. मेमध्ये जन्मलेला कोड तिकडे अनोळखी. संदेशात कोडसोबत आवृत्ती आणि दर्शनी शब्द पाठवला, आणि घेणाऱ्याने अनोळखी कोड फेकून न देता शब्दासह जपून ठेवला, तर नुकसान होत नाही. बऱ्याच प्रणाली अनोळखी कोड दिसताच पूर्ण संदेश नाकारतात. वाढलेल्या वेगाची किंमत अशी खालच्या पायरीवर वसूल होते.

पुण्यातून वर जाणारी वाट

भारताचे राष्ट्रीय वितरण केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्थापलेले इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र ते काम पाहते. नोंदींच्या राष्ट्रीय मानकांनी २०१३ मध्ये आणि सुधारित रूपात २०१६ मध्ये स्नोमेड सीटी स्वीकारली आहे. देश सदस्य असल्याने भारतातल्या रुग्णालयाला किंवा सॉफ्टवेअर कंपनीला वापराचे शुल्क नाही, पण परवान्याचा अर्ज करून नोंदणी करावी लागते. भारताचे नामक्षेत्र १०००१८९ आहे. औषधांची भारतीय पुरवणी इथूनच निघते.

कोल्हापूर किंवा नांदेडच्या रुग्णालयाला एखादी संकल्पना सापडली नाही तर तीन चुका हमखास होतात. पहिली, जवळपासचा अर्थ असलेला कोड वापरून वेळ निभावणे; हा डेटा नंतर दुरुस्त होत नाही. दुसरी, स्नोमेडसारखा दिसणारा अंक स्वतः बनवणे. नामक्षेत्र न घेता बनवलेला अंक उद्या दुसऱ्याच कशाचा तरी निघू शकतो. तिसरी, नुसता मजकूर लिहून सोडून देणे. त्याऐवजी रुग्णालयाच्या स्वतःच्या, वेगळ्या नावाच्या कोडसूचीत तात्पुरता कोड ठेवावा, सोबत जवळची स्नोमेड पितृसंकल्पना (जिचा हा उपप्रकार ठरेल ती) नोंदवावी आणि राष्ट्रीय केंद्राकडे अर्ज करावा. अर्जात नाव, एका वाक्यात अर्थ, पितृसंकल्पना, हा अर्थ आहे त्या संकल्पनांतून का व्यक्त होत नाही, वैद्यकीय संदर्भ आणि वापराचे प्रत्यक्ष ठिकाण लागते. ‘आमच्या डॉक्टरांना हवी आहे’ एवढेच कारण लिहिलेला अर्ज खुलासा मागून परत येतो. निदान, कारण आणि तीव्रता एकाच नावात कोंबलेला अर्जही येतो, कारण त्या तीन गोष्टी तीन वेगळ्या कोडांनी नोंदवायची सोय आधीपासून असते.